भट्टीपासून गुडघ्यापर्यंत

सकाळी ६.३०

भट्टी काल दुपारीच थंड व्हायला सोडली होती, तरी दार उघडायचं ते आतलं तापमान शंभराच्या खाली आल्यावरच. घाई केली की सिरॅमिकला बारीक चिरा जातात आणि त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. भट्टी सांभाळणारे मामा माझ्या आधी हजर असतात. "ताई, ब्याण्णव झालंय, उघडू का?" असं विचारतात खरं, पण हात मुठीवर आधीच गेलेला असतो.

आत अ‍ॅल्युमिनाच्या तबकांत सच्छिद्र ठोकळे ओळीनं मांडलेले. १२०० अंशांवर दोन तास भाजून निघालेले. फोडून यांचे दाणे होतात आणि ते हाडातल्या पोकळ्या भरायला जातात. पहिली दोन तबकं पांढरीशुभ्र. तिसऱ्यातल्या ठोकळ्यांवर फिकट निळी झाक आहे. नवख्या माणसाला ती देखणी वाटेल, मला ती पाहिल्याबरोबर चुन्याच्या गोणीचा नंबर तपासावासा वाटतो. चुन्यात मँगनीजचा अंश राहिला, तर भाजताना तो स्फटिकात फॉस्फरसच्या जागी जाऊन बसतो आणि हा रंग देतो. एवढ्याशा मँगनीजनं शरीराला अपाय होत नाही. पण कच्चा माल बदललाय आणि पुरवठादारानं आम्हाला सांगितलेलं नाही, हे त्या निळाईनं उघड केलं. तबक बाजूला ठेवलं, त्यावर लाल चिठ्ठी लावली.

हे ठोकळे हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचे आहेत. कॅल्शियम आणि फॉस्फेटचं हे खनिज. आपल्या हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग याच कुळातल्या खनिजाचा असतो, उरलेलं मुख्यतः कोलॅजन हे प्रथिन आणि पाणी. मात्र हाडातलं खनिज आमच्याइतकं शुद्ध नसतं. त्यात कार्बोनेट, मॅग्नेशियम, सोडियम मिसळलेलं असतं, स्फटिक अतिसूक्ष्म असतात, आणि म्हणूनच शरीर ते आयुष्यभर मोडत आणि पुन्हा बांधत राहू शकतं. आमचं भाजलेलं खनिज जास्त शुद्ध, जास्त घट्ट आणि त्यामुळेच जास्त हट्टी. माझ्या दिवसातलं बरंचसं काम हा हट्टीपणा कमी करण्याचं असतं.

सकाळी ७.४५

मोठ्या काचेच्या पात्रात चुन्याचं दुधाळ पाणी ढवळत ठेवलंय आणि वरून फॉस्फोरिक आम्ल थेंबथेंब पडतंय. ७४१ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ५८८ ग्रॅम आम्ल यांच्यापासून साधारण १००५ ग्रॅम हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट मिळतं आणि ३२४ ग्रॅम पाणी. बाकी काही उरत नाही. या पद्धतीवर माझा जीव आहे तो यासाठी. दुसऱ्या पद्धतीत नायट्रेट आणि अमोनिया पुन्हा पुन्हा धुऊन काढावे लागतात, इथे जे माणसाच्या शरीरात जायला नको ते मुळात तयारच होत नाही.

आम्ल मात्र सावकाशच पडलं पाहिजे. पीएच नऊच्या खाली घसरला, की कॅल्शियम कमी असलेल्या दुसऱ्याच फॉस्फेटांचा साका बसतो. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटमध्ये सहा फॉस्फरसमागे दहा कॅल्शियम, म्हणजे १.६७ हे प्रमाण. ते जरा खाली आलं तर भट्टीत त्यातल्या काही भागाचं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट होतं, वर गेलं तर मोकळा चुना उरतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्यामुळे उघड्या राहिलेल्या गोणीच्या वजनावर विश्वास ठेवता येत नाही. वापरायच्या आधी दर वेळी त्याचं अनुमापन करायचं, हा नियम मी कुणालाही मोडू देत नाही.

ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे आमच्या कामात नेहमी नकोसंच असतं असंही नाही. ते शरीरात पुष्कळ लवकर विरघळतं. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा दाणा वर्षानुवर्षं जागच्या जागी बसून राहतो, ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचा दाणा काही महिन्यांत झिजायला लागतो आणि वर्ष-दोन वर्षांत बहुतेक संपतो. म्हणून दोन्ही मुद्दाम एकत्र करतात. साठ टक्के टिकणारं आणि चाळीस टक्के जाणारं, हे मिश्रण जगभर वापरलं जातं. आज दुपारी जे दाणे शस्त्रक्रियेत जाणार आहेत ते याच मिश्रणाचे.

सकाळी ९.१५

आता काकूंचं काम. गादीत असतो तशा जातीचा, पण सगळी छिद्रं एकमेकांत उघडणारा पॉलियुरेथेन फोम त्या पांढऱ्या लगद्यात बुडवतात, पिळतात, पुन्हा बुडवतात. फोमच्या जाळीवर सिरॅमिकचा थर बसतो. वाळल्यावर ठोकळा भट्टीत गेला, की फोम जळून जातो आणि त्याच्या आकाराची सिरॅमिकची जाळी मागे राहते. सहाशे अंशांपर्यंत भट्टी मिनिटाला एकेक अंशानंच चढवायची, नाहीतर जळत्या फोमचा वायू जाळी फोडून बाहेर पडतो.

पिळण्यात सगळी कला आहे. जास्त पिळलं तर जाळीच्या काड्या बारीक होऊन हातात चुरा येतो, कमी पिळलं तर छिद्रांची तोंडं बुजतात. आम्ही रोलर आणून पाहिले, तरी काकूंच्या हाताइतकी सारखी जाळी निघाली नाही. त्या प्रत्येक ठोकळा खिडकीच्या उजेडासमोर धरतात आणि डोळा बारीक करून बघतात. आरपार उजेड आला तरच तो पुढच्या तबकात. एक ठोकळा त्यांनी परत बुडवायला टाकला. मला तो ठीक वाटत होता. काकूंनी बोट ठेवून दाखवलं: डाव्या कोपऱ्यात ओळीनं चार-पाच छिद्रांवर पापुद्रा धरलेला होता.

तो पापुद्रा महत्त्वाचा का, ते सांगायला हवं. छिद्र तीनशे ते पाचशे मायक्रॉनचं असावं, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. पण नुसती मोठी पोकळी असून भागत नाही. एका पोकळीतून दुसरीत उघडणारं तोंड शंभर मायक्रॉनच्या वर हवं, कारण त्यातून आधी रक्तवाहिनी जाते आणि तिच्या मागोमाग हाड बांधणाऱ्या पेशी. तोंड बुजलेलं असेल तर आतली पोकळी कितीही ऐसपैस असो, तिथे हाड पोचत नाही.

आमच्याकडे येणारे पाहुणे पहिला प्रश्न ताकदीचा विचारतात. हाडाइतकं मजबूत आहे का? हाडाच्या बाहेरच्या कठीण कवचाची दाब सोसण्याची क्षमता शंभर ते दोनशे मेगापास्कलच्या घरात असते. आतल्या जाळीदार हाडाची जेमतेम दोन ते बारा. आमची जाळी या दुसऱ्या गटात, तीही खालच्या टोकाला, आणि शिवाय ठिसूळ. तिचं काम इमारतीभोवती बांधलेल्या बांबूच्या परांचीचं आहे. परांची इमारतीचा भार पेलत नाही, ती गवंड्याला उभं राहायला जागा देते आणि काम झालं की उतरते. मजबुतीच्या मागे लागून छिद्रं कमी केली, तर दाणा पक्का होतो आणि हाडाला निरुपयोगी होतो. बाजारात असे घट्ट दाणे मी पाहिले आहेत. बारा महिन्यांनंतरच्या एक्स-रेमध्येही ते भरले त्या दिवशीइतकेच ठसठशीत दिसतात, कारण हाड त्यांच्या आत शिरलेलंच नसतं.

सकाळी ११.००

कालच्या ठोकळ्यांचे दाणे पाडून झाले. एक आणि दोन मिलिमीटरच्या चाळण्यांमधले ठेवायचे, खाली पडलेली पूड टाकून द्यायची. पूड जखमेत राहिली तर शरीर तिच्याशी भांडतं, सूज येते.

मग चाचण्या. मोकळ्या चुन्याची चाचणी मला अजूनही सगळ्यात आवडते, कारण ती शाळेच्या प्रयोगशाळेतली आहे. दाण्यांवर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकायचा. गुलाबी झाला तर चुना उरलाय. असा दाणा दमट हवेत स्वतःच फुगून फुटतो, आणि शरीरात गेला तर आजूबाजूच्या पेशींना भाजतो. आज थेंब पांढऱ्यावर पाण्यासारखा पसरला.

क्ष-किरणांनी स्फटिकाची ओळख पटवणाऱ्या एक्सआरडी यंत्रावर मात्र वेगळं निघालं. परवाच्या भाजणीतला शुद्ध ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचा लॉट होता. त्याचं मुख्य टोक ३१ अंशांच्या कोनावर हवं. ते होतंच, पण त्याला चिकटून ३०.७ ला एक छोटं टोक वर आलेलं. हे अल्फा रूप. तापमान साधारण ११२५ अंशांच्या वर गेलं की आम्हाला हव्या असलेल्या बीटा रूपाचं अल्फा होऊ लागतं, आणि अल्फा शरीरात फार झपाट्यानं विरघळतं. हाड यायच्या आत परांची कोसळते. भट्टी तर ११०० ला लावलेली. मामांना बोलावलं. ते म्हणाले, "परवा जरा चढंच वाटत होतं ताई, काट्यावर दिसत नव्हतं, पण दाराजवळचा रंग वेगळा होता." तापमान मोजणारं थर्मोकपल सरकलं असणार. लॉट बाद केला. मामांना सांगितलं, पुढच्या वेळी रंग वेगळा वाटला तर काट्याचं ऐकू नका, सरळ मला फोन करा.

जड धातूंचा अहवालही आला. आर्सेनिक दहा लाखांत ३ भाग, कॅडमियम ५, पारा ५, शिसं ३०, आणि सगळे मिळून ५०, या मर्यादा आहेत. आम्ही पुष्कळ खाली आहोत. पास झालेल्या लॉटची पाकिटं गॅमा किरणांनी निर्जंतुक करायला जातात, २५ किलोग्रेची मात्रा. वैद्यकीय वस्तूंसाठी ही सोय आपल्याकडे तुर्भ्याच्या आयसोमेड केंद्रानं १९७४ मध्ये उभी केली. आज आमच्यासारख्या छोट्या युनिटला या कामात उतरता येतं, त्यात त्या केंद्राचा मोठा वाटा आहे असं मी मानते.

दुपारी १.००

डबा खाताना आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलीनं विचारलं, हाडात दगड भरायचं पहिल्यांदा सुचलं कुणाला? मला हा प्रश्न फार आवडला.

१८९२ साली जर्मनीत ड्रीसमान यानं क्षयानं पोखरलेल्या हाडाच्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसनं भरल्या आणि त्यातल्या काही खरोखर भरून आल्या. १९२० मध्ये अमेरिकेत फ्रेड अल्बी यानं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट वापरून पाहिलं. त्यानंतर हा विषय बराच काळ मागे पडला. १९६७ मध्ये लॅरी हेंच हा काचेचा अभ्यासक लष्करी साहित्याच्या एका परिषदेला बसनं निघाला होता. शेजारी व्हिएतनामहून परतलेला एक कर्नल. शरीर धातू आणि प्लास्टिक नाकारतं, जवानांचे पाय कापावे लागतात, तुम्ही शरीर स्वीकारेल असं काही बनवू शकाल का, असं त्यानं विचारलं. हेंचनं ४५ टक्के सिलिका, सोडियम आणि कॅल्शियमची ऑक्साइडं प्रत्येकी साडेचोवीस टक्के आणि सहा टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड अशी काच बनवली. १९६९ मध्ये ती उंदराच्या मांडीच्या हाडात बसवली, आणि पुढे काढायला गेले तर ती निघेना. हाड तिला चिकटलं होतं. परकी वस्तू हाडाला अशी जोडली जाऊ शकते, हे तोवर फारसं कुणी मानत नव्हतं.

१९७४ मध्ये रॉय आणि लिनेहन यांनी समुद्रातलं प्रवाळ घेऊन दाब आणि उष्णतेच्या मदतीनं त्याचं हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट केलं. प्रवाळाची छिद्रं मुळातच एकमेकांत उघडणारी असतात. आपल्याकडे तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था आणि कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था यांनी या पदार्थांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मुलीनं डबा बाजूला ठेवून वहीत हे सगळं उतरवून घेतलं.

दुपारी ३.००

शहरातल्या एका रुग्णालयाचं ऑपरेशन थिएटर. आपले दाणे वापरले जाताना पाहायला मी अधूनमधून येते, डॉक्टर परवानगी देतात. सिस्टरनं टोपी-मास्क दिला आणि उभं राहायची जागा दाखवली.

मोटारसायकलवरून पडलेला तरुण. नडगीच्या हाडाचं गुडघ्याखालचं बाहेरचं पठार चिरलंय आणि मधला तुकडा खाली दबलाय. डॉक्टरांनी हाडाला खालच्या बाजूनं छोटी खिडकी केली, त्यातून ठोकणी घातली आणि दबलेला सांध्याचा पृष्ठभाग हलक्या हातानं वर उचलला. पडद्यावर एक्स-रेमध्ये रेघ सरळ झाली. पण तुकडा वर गेला तिथे खाली अंगठ्याच्या पेराएवढी पोकळी उरली. ती तशीच सोडली तर पाय टेकवायला लागल्यावर तुकडा पुन्हा खचतो.

इथे तीन वाटा असतात. पहिली, रुग्णाच्या स्वतःच्या कमरेच्या हाडाचा तुकडा काढून भरायचा. त्यात जिवंत पेशी असतात, हाड वाढवणारी प्रथिनं असतात आणि जाळीही असते. या तिन्ही गोष्टी एकत्र देणारं दुसरं काही नाही. पण त्यासाठी कमरेवर दुसरी जखम करावी लागते, आणि पुष्कळ जणांना पायापेक्षा ती जखमच जास्त दिवस दुखते. दुसरी वाट, पेढीतलं दान मिळालेलं हाड. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९८८ मध्ये ऊतिपेढी सुरू केली, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं हाड तिथे तयार होतं. तिसरी वाट आम्ही. आमच्याकडे फक्त जाळी आहे, पेशी आणि प्रथिनं रुग्णाच्या शरीरातूनच यायची.

मग अशा गुडघ्यात सिरॅमिक का? कारण इथे चहूबाजूंनी रक्तानं भरलेलं स्पंजासारखं हाड आहे, पेशींची वाण नाही. २००८ मध्ये रसेल आणि लेटन यांचा अनेक रुग्णालयांमधला अभ्यास आला. अशाच अस्थिभंगांत स्वतःचं हाड आणि कॅल्शियम फॉस्फेटचं सिमेंट यांची तुलना केली, तेव्हा सांध्याचा पृष्ठभाग खचण्याचं प्रमाण सिमेंटच्या गटात कमी आढळलं. आमचे दाणे सिमेंट नाहीत, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा मी माझ्या पाकिटावर छापणार नाही. पण सिरॅमिकला इथे खरी जागा आहे, हे त्यातून पटतं.

सिस्टरनं पाकीट उघडून दाणे वाटीत ओतले. डॉक्टरांनी त्याच जखमेतलं रक्त त्यावर सोडलं. पांढरे दाणे तळापासून वर लाल होत गेले, हलवावेही लागले नाहीत. रक्त छिद्रांतून स्वतःच चढतं. चढलं नाही तर छिद्रं बुजलेली आहेत असं समजावं. सकाळच्या त्या पापुद्र्याचा हिशोब इथे होतो.

दाणे खिडकीतून भरले. शिकाऊ डॉक्टरनं हातोडी उचलली तसा डॉक्टरांनी त्याचा हात धरला. "ठोकायचं नाही रे, नुसतं दाबून बसवायचं. चुरा केलास तर यांची सगळी मेहनत गेली." मास्कमागून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग प्लेट आणि पृष्ठभागाखालून आडवे रोवलेले स्क्रू. वजन प्लेट आणि स्क्रू घेणार, दाणे फक्त जागा धरून ठेवणार.

संध्याकाळी ५.३०

त्याच रुग्णालयाच्या ओपीडीत एक लहान मुलगा आजीबरोबर आलाय. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला पाण्यानं भरलेली गाठ होती. मुलांत ही गाठ आढळते, त्रास देत नाही, पण हाड आतून पातळ होतं आणि चेंडू फेकतानाही मोडतं. गेल्या वर्षी ती खरवडून आमचे ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे दाणे भरले होते.

आजींनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, त्ये भरल्यालं शिमीट काढायचं कवा?"

डॉक्टरांनी दोन एक्स-रे शेजारी लावले. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्यात दाणे एकेक मोजता येतील इतके पांढरे. आजच्यात कडांचे दाणे दिसतच नाहीत, त्यांच्या जागी हाडाच्या बारीक तिरप्या रेघा आल्यात. मध्यभागी काही ठिपके अजून आहेत, पण त्यांच्या कडा पुसट झाल्यात. "आजी, काढायला काही उरलंच नाही. त्याच्या हाडानं खाऊन टाकलं."

हे अक्षरशः खरं आहे. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी दाण्याला चिकटतात, त्या जागेपुरतं आम्ल सोडतात आणि खनिज विरघळवतात. त्यांच्या मागोमाग दुसऱ्या पेशी तिथे नवं हाड घालतात. मुलाचं हाड अजून वाढतंय. तिथे वर्षानुवर्षं न विरघळणारा दाणा भरला असता, तर त्या हाडात एक परका भाग कायमचा राहिला असता. म्हणून लहान मुलांच्या गाठीत मी साठ-चाळीसचं मिश्रण सुचवत नाही, शुद्ध ट्रायकॅल्शियम फॉस्फेटच सुचवते. आजींनी नातवाचा दंड दोन्ही हातांनी चाचपून पाहिला आणि मग त्याला हात वर करायला लावला. हात पूर्ण वर गेला.

रात्री ८.१५

तालुक्याच्या गावातून एका डॉक्टरांचा फोन. नडगीचं हाड, उघडी जखम, आत पू होऊन गेलेला, आणि मध्ये चांगलं पाच सेंटिमीटर हाड गेलेलं. "मॅडम, तुमची किती पाकिटं लागतील ते सांगा, उद्याच मागवतो."

मी आधी विचारलं, पू थांबलाय का? ते म्हणाले, अजून थोडा येतोय, रक्तातला सूज दाखवणारा सीआरपी वाढलेला आहे. मग मी स्पष्टच सांगितलं. पाकिटं पाठवणार नाही. रक्तपुरवठा नसलेल्या जागी छिद्रांचे दाणे भरले तर त्या छिद्रांत आधी जंतू राहायला येतील, आणि तिथे ना औषध पोचेल ना पेशी. आधी मेलेलं हाड खरवडून काढा. पोकळीत काही भरायचंच असेल तर व्हँकोमायसिन किंवा जेंटामायसिन मिसळलेले कॅल्शियम सल्फेटचे मणी भरा. ते सहा-आठ आठवड्यांत विरघळतात आणि तोवर जागेवरच औषध सोडत राहतात. जखमेतून काही दिवस पांढरं पाणी येईल, ते पू समजून घाबरू नका, पण तपासून मात्र घ्या.

"आणि मधलं अंतर?"

ते मस्केले यांच्या पद्धतीनं, असं मी म्हटलं. ती पद्धत त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती: हाडांचं सिमेंट अंतरात बसवायचं, त्याभोवती रक्तवाहिन्यांनी भरलेलं आवरण तयार व्हायला सहा ते आठ आठवडे द्यायचे, मग सिमेंट काढून आवरणाच्या आत हाड भरायचं. पण ते हाड रुग्णाचंच हवं. पाच सेंटिमीटरच्या अंतरात दोन टोकांकडून पेशी मध्यापर्यंत चालत येणार नाहीत. आमची जाळी रिकामीच राहील.

"म्हणजे कमरेचंच हाड घ्यायचं म्हणता?"

"हो डॉक्टर, तेच घ्या. कमी पडलं तर थोडे दाणे त्यात मिसळा. एकाला तीन ठेवा, तीन भाग त्याचं हाड आणि एक भाग आमचे दाणे. तेवढ्यासाठी एक पाकीट पुरे, आणि तेही सीआरपी उतरल्यावर. आणि त्याला तंबाखू-सिगारेट बंद करायला सांगा, नाहीतर कमरेचं हाडही धरणार नाही."

ते म्हणाले, तंबाखूचं त्याच्या बायकोलाच सांगतो, ती ऐकवेल त्याला. पाकीट आठ आठवड्यांनी मागवतील. मी ऑर्डरच्या वहीत त्यांच्या गावापुढे एवढंच लिहिलं: रिपोर्ट बघितल्याशिवाय माल सोडू नये.